सव्वीस वर्षांनी पुन्हा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी': सहा महिन्यांचा अनुभव

आकडा आधीच सांगते, म्हणजे घाईतल्यांची सुटका: पाचपैकी सव्वाचार. पाऊण तारा कुठे गेला ते पुढे येईलच. त्यातला बराचसा कर्नल ब्रँडनच्या नावावर आहे.

जेन ऑस्टिनची ही कादंबरी मी १९९९ मध्ये, टी.वाय.ला असताना वाचली. फूटपाथवर ४० रुपयांना मिळालेली, आधीच्या मालकाचं नाव खोडलेली प्रत. अभ्यासक्रमात नव्हती, म्हणूनच आवडली असावी. २०२५ हे ऑस्टिनच्या जन्माचं २५०वं वर्ष, तेवढं निमित्त धरून जूनमध्ये धाकटीचा फोन आला. "ताई, तुझं ते बहिणींचं पुस्तक आहे का अजून? दोघी मिळून वाचू." ती नागपूरला, मी ठाण्यात. आठवड्याला तीन प्रकरणं आणि रविवारी रात्री जेवणं आवरली की फोन, असं ठरलं. प्रकरणं ५०. मध्ये गणपती आले, माझी टाच धरली, तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी दिवाळीच्या आत-बाहेर पुस्तक संपलं. मग डिसेंबरपर्यंत मी तेच लोकलमध्ये कानात घालून पुन्हा ऐकलं. म्हणजे हा अभिप्राय एका वाचनाचा नाही, चांगल्या वापराचा आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ससेक्समधलं नॉरलँड नावाचं मोठं घर. म्हाताऱ्या काकांची दहा वर्षं सेवा केली ती पुतण्याच्या कुटुंबाने, त्यात तीन मुलीही आल्या. काका जाताना इस्टेट अशी बांधून गेले की ती शेवटी पुतण्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाच्या, जॉनच्या, चार वर्षांच्या पोराकडे जावी. का, तर ते पोर बोबडं बोलायचं, हट्ट करायचं, धुडगूस घालायचं आणि त्याचं या काकांना फार कौतुक. मुलींना आठवण म्हणून हजार-हजार पौंड. वर्षभरात पुतण्याही गेला. थोरली एलिनॉर १९ वर्षांची, मधली मारियान १७ला टेकलेली, धाकटी मार्गारेट १३ची. आईसकट चौघींना वर्षाला ५०० पौंड उत्पन्न आणि राहायला डेव्हनमधलं एका नातेवाइकाचं छोटं घर. थोरली मनातलं मनात ठेवणारी, मधली सगळं अंगावर मिरवणारी. दोघी प्रेमात पडतात, दोघी फसतात. इथपर्यंत मला सगळं आठवत होतं.

आठवत नव्हतं ते दुसरं प्रकरण. विशीत मी ते उडवलं होतं, कारण त्यात ना मारियान, ना एलिनॉर, ना पाऊस. आहेत फक्त सावत्र भाऊ जॉन आणि त्याची बायको फॅनी. बापाला मरताना दिलेला शब्द पाळायचा म्हणून जॉन तीन बहिणींना मिळून ३,००० पौंड द्यायचं म्हणतो. फॅनी नाही म्हणतच नाही. ती नुसतं बोलत राहते. ३,००० चे आधी निम्मे होतात. मग आईला वर्षाला १०० देऊ. पण वर्षासन लावलं की माणसं मरतच नाहीत, त्यापेक्षा अधूनमधून ५०. मग तेही कशाला, घर शोधायला, सामान हलवायला मदत करू आणि हंगामात मासे किंवा शिकार पाठवत जाऊ. शेवटी उलट फॅनीलाच टोचणी लागते की सासूबाई जी चिनी मातीची भांडी घेऊन चालल्यात, ती आपल्यापेक्षा भारी आहेत. आवाज कुठे चढत नाही. एक बाई नवऱ्याला पटवते आणि त्याला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं.

त्या रविवारी फोनवर धाकटी आधी हसली, मग म्हणाली, "ताई, आंब्याची पेटी." माझ्याही डोक्यात तेच होतं. आमच्या आत्याने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. 'रीतच आहे' म्हणून तलाठ्याच्या कट्ट्यावर बसून सही केली आणि मग तिला दर मे महिन्यात घरच्या आंब्याची एक पेटी यायची. दोन वर्षं तीही चुकली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. कागदावर हक्क येणं आणि तो न सोडणं यांत मात्र एक अख्खी फॅनी बसते. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लिश बाई हंगामातले मासे लिहून गेली आणि आम्ही आत्याच्या पेटीवर अर्धा तास बोललो. त्या रात्री उरलेली दोन प्रकरणं राहूनच गेली.

हे प्रकरण लिहिणारीला यातलं ऐकीव काही नव्हतं. ऑस्टिनचे वडील १८०५ मध्ये गेले आणि आई, थोरली बहीण कॅसांड्रा आणि जेन, तिघी भावांच्या आधाराने राहू लागल्या. चार वर्षं इथे-तिथे काढल्यावर १८०९ मध्ये एका भावाने चॉटनला घर दिलं. या कादंबरीचं जुनं बाड तिथेच बसून जेनने नीट केलं आणि १८११ मध्ये ते तीन खंडांत छापलं गेलं, छपाईचा धोका स्वतःच्या अंगावर घेऊन. लेखिकेच्या जागी नुसतं 'एका बाईकडून'. पहिली आवृत्ती दोन वर्षांत संपली आणि तिला १४० पौंड मिळाले. कादंबरीतल्या एकाही बाईच्या हातात स्वतः मिळवलेला पैसा नाही. लिहिणारीच्या हातात आला.

पैशाचा हिशेब या पुस्तकात जागोजागी आहे आणि तो फार गमतीचा आहे. मारियान एकदा ठासून सांगते की सुखाचा आणि श्रीमंतीचा काय संबंध, पोटापुरतं असलं की झालं. एलिनॉर विचारते, पोटापुरतं म्हणजे किती? तर वर्षाला १८०० ते २,०००. एलिनॉरला हसू येतं, कारण तिची 'श्रीमंती' १,००० वर थांबते. कॉलेजात हा विनोद डोक्यावरून गेला होता. आता लक्षात आलं की शेवटी मारियान ज्याच्याशी लग्न करते त्या ब्रँडनचं उत्पन्न बरोब्बर वर्षाला २,००० आहे. बाईसाहेबांचं पोट भरलं.

आता टिकाऊपणाबद्दल. सहा महिन्यांत काय झिजलं?

सगळ्यात जास्त झिजला विलोबी. १९९९ मध्ये तो पावसात टेकडीवरून घसरलेल्या मारियानला उचलून आणतो तिथे मी पान दुमडलं होतं. ती घडी अजून आहे. आता वाटलं, हा मुलगा पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या पैशावर जगतोय. मारियानला घोडा भेट द्यायला निघतो, पण घोडा ठेवायला तबेला, राखायला माणूस हवा हे दोघांनाही सुचत नाही. ते एलिनॉरला सांगावं लागतं. पुढे तो ५०,००० पौंडवाली बायको करतो आणि मारियान तापाने फणफणलेली असताना रात्री येऊन आपलं मन मोकळं करतो. या प्रवेशावर आमचं एकमत झालं नाही. धाकटीला त्याची दया आली. मला त्याच्या गाडीच्या घोड्यांची आली.

आणि ब्रँडन. ३५ पार केलेला आणि फ्लॅनेलची बंडी घालतो म्हणून मारियान त्याला म्हातारा ठरवते, इथवर छान. पण नंतर लेखिका त्याच्याकडून भलं मोठं पूर्वपुराण सांगवते, त्यात आई आणि मुलगी दोघींचं नाव एलायझा, आणि तीन वेळा वाचूनही कोणती एलायझा कुणाची हा गुंता सुटत नाही. ऐतिहासिक प्रेमकथेत द्वंद्वयुद्ध हवंच म्हणणाऱ्यांनी लक्ष ठेवून वाचा: ते आहे, दोन ओळींत उरकलेलं, कुणाला ओरखडाही नाही. मारियान आणि ब्रँडनचं लग्नही असंच शेवटच्या प्रकरणात उरकलंय. आईला वाटतं, बहिणीला वाटतं, सगळ्यांना वाटतं, म्हणून होतं. मला तो आवडायचा तो १९९५च्या सिनेमातल्या अॅलन रिकमनमुळे, हे आता कळलं. पटकथेचं ऑस्कर घेताना एमा थॉम्पसनने ब्रँडनचेही थोडे आभार उसने द्यायला हवे होते. पुस्तकात नसलेला जीव त्याच्यात तिने ओतलाय. (तमिळमध्ये २००० साली आलेला 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' याच कथेवर बेतलेला आहे. तब्बू थोरली, ऐश्वर्या मधली, संगीत रेहमानचं. सुट्टीचा दिवस मोकळा असेल तर जरूर बघा.)

तिसरी मार्गारेट. लेखिका तिला ठेवून विसरते. शेंडेफळाचं दुखणं, असं धाकटी म्हणाली.

आता न झिजलेलं, उलट वापरून चकाकलेलं: मिसेस जेनिंग्ज. कॉलेजात ही बाई दिसली की मी पान उलटायचे. जाडी, मोठ्यांदा हसणारी, दोन मुलींची लग्नं उरकल्यामुळे आता जगाची जुळवत फिरणारी विधवा. प्रत्येक समारंभात ठरलेल्या खुर्चीत बसून 'काय गं, यंदा कर्तव्य आहे का?' विचारणारी आपली मावशी. एलिनॉरचा जीव जडलाय त्या एडवर्डचं नाव काढून चारचौघांत तिला छळते. पण लंडनमध्ये विलोबीचं ते निर्दय पत्र येतं आणि मारियान कोसळते तेव्हा हिला काय सुचतं बघा. सुकवलेल्या चेरी देते, ऑलिव्ह देते, शेकोटी पेटवते, आणि शेवटी घरातली उत्तम जुनी कॉन्स्टान्शिया वाइन पेला भरून आणते, कारण ती तिच्या नवऱ्याला वाताच्या दुखण्यावर लागू पडायची. मारियान झोपलेली असते. एलिनॉर तिची परवानगी घेऊन तो पेला स्वतःच पिते. भंगलेलं मन तिचंही आहे, फक्त तिला कुणी पेला आणून दिलेला नाही. या एका पानासाठी चार तारे.

पुढे मारियानला मुदतीचा ताप येतो तेव्हा हिची स्वतःची मुलगी तान्हं बाळ घेऊन घर सोडून जाते आणि ही लोकांच्या पोरीच्या उशाशी बसते. मला मात्र सर्वात आवडला तो तिने केलेला ब्रँडनच्या घराचा बखान. भिंतीलगत फळझाडं, कोपऱ्यात मोठं तुतीचं झाड, कबुतरखाना, मासे ठेवायची तळी, आणि खाटीक अगदी जवळ. स्थळ सांगणारी बाई असंच सांगते: दारात आंबा, परसात विहीर, स्टेशन पायी पाच मिनिटांवर. मुलाचं बोलणं शेवटी.

एलिनॉरवर आमचं भांडण झालं ते मात्र खरं भांडण. लूसी स्टील नावाची एक गोडबोली मुलगी एलिनॉरला विश्वासात घेऊन सांगते की एडवर्डशी माझं चार वर्षांपासून गुपचूप ठरलेलं आहे, कुणाला सांगू नकोस. एलिनॉर सांगत नाही. चार महिने. एकाच छपराखाली राहणाऱ्या बहिणीलाही नाही. मी कॉलेजात त्या समासात 'ग्रेट' असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. या खेपेला धाकटी फोनवर एकदम शांत झाली आणि म्हणाली, "यात ग्रेट काय? तूही बाबांची बायप्सी माझ्यापासून दीड महिना लपवलीस. माझी परीक्षा होती म्हणून. मी तुझ्याकडे कधी मागितलं होतं का तसं?"

मी म्हटलं, अगं, ती वेगळी गोष्ट. ती म्हणाली, वेगळी नाही. मग दोन रविवार फोन झाला नाही, दोघींनी आपापली प्रकरणं वाचली. तिसऱ्या रविवारी तिनेच लावला. एकोणपन्नासावं प्रकरण यायच्या आत सांगायचं होतं म्हणे, की बातमी फुटल्यावर मारियान रडते ती एडवर्डसाठी नाही, आपण चार महिने हिच्याकडे बघितलंच नाही म्हणून रडते. "तेही खरं आहे," म्हणाली. एवढंच. बायप्सीचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही व्यावहारिक सूचना. फूटपाथची जुनी प्रत आता वापरू नका, अक्षर मुंगीएवढं आणि शिवण सुटलेली. माझ्या प्रतीची पानं तेविसाव्या प्रकरणापासून हातात येतात. मजकूर कधीचाच मुक्त झालाय, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेला ऐकताही येतो. लोकलला उत्तम, कारण ऑस्टिनची लांब वाक्यं डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात. फॅनी कानाने ऐकण्यासारखीच आहे. मात्र ई-रीडरमधल्या शब्दकोशावर विसंबू नका. ब्रँडन एडवर्डला आपल्या गावचं, डेलाफर्डचं, 'लिव्हिंग' देतो, तर शब्दकोश म्हणे 'राहणे'. ते खरं म्हणजे चर्चचं उत्पन्नासकट मिळणारं पद, वर्षाला सुमारे २०० पौंड. 'कॅन्डर' म्हणजे तेव्हा फटकळपणा नव्हे, समोरच्याबद्दल चांगलंच मानायची वृत्ती. आणि शीर्षकातली 'सेन्सिबिलिटी' म्हणजे शहाणपण नव्हेच, हळवेपण. थोड्या टिपा असलेली आवृत्ती घेतली तर हा घोळ टळतो.

पहिली वीस प्रकरणं धीर धरावा लागतो. स्टील बहिणी आल्यावर मध्ये एक सपाट पट्टाही आहे. पण बाविसाव्याच्या शेवटाला पोचलात की सुटका नाही. आणि अठ्ठेचाळीसाव्यात एडवर्ड बोलता बोलता कात्री उचलतो आणि तिच्याच म्यानाचे तुकडे करत बसतो, तिथे माझं ठाकुर्लीला उतरायचं राहिलं, थेट कल्याण आलं.

जुनी प्रत धाकटीने मागून घेतली आहे, कुरिअरने पाठवली. परवा तिचा मेसेज आला. 'ग्रेट'च्या खाली तिने पेनने प्रश्नचिन्ह काढलंय आणि फोटो पाठवलाय.