व्हॉल्यूम खरा होता, गिऱ्हाईक खोटं होतं

शेअर बाजाराच्या ज्या क्लासात आम्ही फसलो, तिथं जे शिकवलं ते जवळजवळ सगळं खरं होतं, हे आधी सांगतो. नाहीतर ऐकणारा लगेच म्हणतो, "काहीतरी भोंदूगिरी असणार, आम्ही नसतो फसलो." भोंदूगिरी असती तर तिथले निम्मे लोक पहिल्याच दिवशी उठून गेले असते. बेळगावात टिळकवाडीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर पंधरा-वीस खुर्च्या, भिंतीवर मोठा टीव्ही. बसलेले कोण, तर उद्यमबागेतल्या फौंड्रीचे सुपरवायझर, शहापूरचे एक साडी दुकानदार, खानापूरहून येणारे दोन मास्तर. मी मार्केट यार्डात बटाट्याच्या अडतीवर हिशेब बघतो. शिकवणारा सगळ्यांना "अण्णा" म्हणायचा. मराठीत सुरुवात करून मध्येच कन्नडात शिरायचा, परत मराठीत यायचा. म्हणजे आपल्यातलाच.

शिकवलं काय? भाव चढताना व्हॉल्यूम, म्हणजे हातबदल झालेल्या शेअर्सचा आकडा, वाढत असेल तर तेजीत दम आहे. भाव चढतोय पण व्हॉल्यूम आटत चाललाय तर सांभाळून. बरेच दिवस एका पट्ट्यात अडकलेला शेअर मोठ्या व्हॉल्यूमनं पट्ट्याबाहेर पडला की एंट्री, म्हणजे घ्यायचा. वर गेल्यावर मोठ्या व्हॉल्यूमची लाल कांडी, म्हणजे भाव पडल्याची खूण, दिसली की एक्झिट, विकून बाहेर. चार्टवर व्हॉल्यूमच्या वीस दिवसांच्या सरासरीची रेघ मारायची आणि आजच्या व्हॉल्यूमचा दांडा तिच्या किती पट आहे ते बघायचं. जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये मांडलेला ऑन बॅलन्स व्हॉल्यूमही त्यानं नीट समजावला: आजचा बंद भाव कालच्या वर असेल तर दिवसभराचा सगळा व्हॉल्यूम बेरजेत धरायचा, खाली असेल तर वजा करायचा. शिवाय डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे झालेल्या उलाढालीतला किती माल खरोखर घरी नेला. हे सगळं मोठमोठ्या कंपन्यांच्या चार्टवर दाखवलं, आणि तिथं ते बऱ्यापैकी लागू पडतही होतं.

"भाव खोटं बोलेल अण्णा, व्हॉल्यूम बोलत नाही की." हे वाक्य रोज एकदा तरी यायचंच.

आता खरी मेख. त्यानं शेअरचं नाव कधीच सांगितलं नाही. त्यानं दिला गृहपाठ. स्क्रीनरमध्ये, म्हणजे अटी टाकून शेअर शोधायच्या साधनात, चाळणी लावा म्हणाला: भाव पन्नास रुपयांच्या आत, व्हॉल्यूम सरासरीच्या पाचपट, डिलिव्हरी ऐंशी टक्क्यांवर, ऑन बॅलन्स व्हॉल्यूम नव्या उच्चांकावर. घरी बसून ज्यानं त्यानं चाळणी लावली आणि सगळ्यांच्या चाळणीत एकच नाव वर राहिलं. टिप कुणी दिली असती तर संशय घेतला असता. इथं शोध आमचा आम्ही लावला होता! दुसऱ्या दिवशी क्लासच्या ग्रुपवर एका मास्तरांनी ते नाव टाकलं तेव्हा शिकवणारा नुसता म्हणाला, "मी काही बोलणार नाही, पण अभ्यास चांगला झालाय तुमचा." नंतर पोलिसांपुढं त्याला हेच वाक्य कामी आलं.

ती चाळणी त्या एका शेअरच्या मापानंच कापलेली होती. कशी, ते नीट बघा, कारण पुढं फसणारा माणूस इथंच वाचू शकतो.

शेअर ट्रेड टू ट्रेड गटात होता. त्या गटात आज घेऊन आजच विकता येत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. मग डिलिव्हरीची टक्केवारी शंभर येणार नाही तर किती येणार? आम्ही मात्र "मोठा हात माल गोळा करतोय" असं वाचत होतो. पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात भाव चढायची कमाल मर्यादा, रोज लागत होतं. तेव्हा बंद भाव रोज कालच्या वर. मग ऑन बॅलन्स व्हॉल्यूममध्ये रोज नुसती बेरीज. ती रेघ शिडी लावल्यासारखी चढणारच. राहिला व्हॉल्यूम. तो तयार करायला पाच-सहा खाती पुरतात. ह्या खात्यानं त्याला विकायचं, त्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं परत ह्याला. डिलिव्हरीच्या शंभर रुपयांच्या सौद्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा पैसे एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), वर थोडं ब्रोकरेज आणि किरकोळ कर. एवढ्या खर्चात सरासरीच्या आठपट दांडा उभा राहतो. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २००३ च्या नियमांत असे सौदे फसवणुकीत मोडतात, पण चार्टवर ते हिरवेच दिसतात.

आमच्या यार्डात लिलावाला अडत्याची दोन माणसं गर्दीत उभी राहून बोली चढवायला लागली तर लहान पोरगंसुद्धा ओळखतं, कारण तोंडं दिसतात. स्क्रीनवर तोंड दिसत नाही. किती शेअर हातबदल झाले एवढंच व्हॉल्यूम सांगतो, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेले ते सांगत नाही.

एक खूण मात्र स्क्रीनवर होती. सुरुवातीचे बरेच दिवस शेअर मिळतच नव्हता. अप्पर सर्किटला घेणाऱ्यांच्या बाजूला लाखांचे आकडे आणि विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. ऑर्डर टाकायची आणि साडेतीनला ती रद्द झालेली बघायची. रोज पाच टक्के म्हणजे पंधरा दिवसांत भाव दुप्पट. जीव नुसता कासावीस व्हायचा. मग एका सकाळी सव्वानऊनंतर ऑर्डर टाकली आणि पापणी लवायच्या आत भरली. सगळीच्या सगळी, साडेतीन लाखांची. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं, कुणी कुंदा वाटायला निघालं. काल दहा शेअर मिळत नव्हते आणि आज सगळ्यांनाच पोटभर कसे मिळाले, हे एकानंही विचारलं नाही. विचारणार कोण? त्या दिवसाचा दांडा सगळ्यात उंच होता, आणि उंच दांडा म्हणजे दम.

तो उंच दांडा म्हणजे त्यांचा माल आमच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, उतरत होता.

पुढं दोनेक दिवसांत लोअर सर्किट, म्हणजे भाव रोज खालच्या मर्यादेला. आता चित्र उलटं: विकणाऱ्यांच्या बाजूला लाख आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. सर्किटला सगळ्यांचा भाव एकच असतो, मग ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी. रात्रीच ऑर्डर टाकून ठेवली तरी आपल्या पुढं रांग असायचीच. आणि इथं त्या शिकवणीचा दुसरा डाव लागला. एक्झिटचा नियम काय होता? मोठ्या व्हॉल्यूमची लाल कांडी. घेणाराच नाही तर व्हॉल्यूम येणार कुठून? दांडे बारीक, काडीएवढे. ग्रुपवर शिकवणारा सांगत होता, "बघा की, व्हॉल्यूमच नाही. विक्रीचा जोर नाही, हे नुसतं घाबरवणं आहे." काही जणांनी त्यावर विश्वास ठेवून आणखी घेतले. दहा लोअर सर्किटांत शंभराचे साठ होतात, आणि ही काही दहावर थांबली नाहीत. मग एक दिवस ग्रुपच गेला.

सायबर पोलिसांकडं गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "रोक्क यारिगे कोट्री?" पैसे कुणाला दिले? ह्याला उत्तर नाही. क्लासची फी सोडली तर त्याच्या खात्यात एक रुपया गेलेला नाही. पैसे आमच्याच ट्रेडिंग खात्यातून, खऱ्या एक्सचेंजवर, न दिसणाऱ्या विकणाऱ्याला गेले. खोट्या ॲपवर पैसे भरून फसलेल्यांनी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला तातडीनं फोन केला तर रक्कम गोठवण्याची आशा तरी असते. इथं गोठवायला खातंच समोर नाही. सेबीकडं तक्रार केली आहे. माझी खटपट एवढ्यासाठी की असे प्रकार सेबी खणून काढते. साधना ब्रॉडकास्ट ह्या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात यूट्यूबवरचे दिशाभूल करणारे व्हिडिओ आणि आतल्यांची विक्री ह्यांचा धागा जोडून मार्च २०२३ मध्ये आदेश निघाला होता. पण त्याला वेळ लागतो.

तोवर तुम्ही एवढं बघा. शेअर कुठल्या गटात आहे आणि एक्सचेंजनं त्याला एएसएम किंवा जीएसएमच्या निगराणीखाली घातलंय का, हे एक्सचेंजच्या वेबसाइटवर फुकट कळतं. कंपनीच्या अर्धा टक्क्याहून जास्त शेअर्सचा सौदा एकानं दिवसात केला तर त्याचं नाव संध्याकाळी बल्क डीलच्या यादीत येतं. मी उशिरा बघितलं: दोन-तीन नावं आलटून पालटून कधी घेणाऱ्यांत, कधी विकणाऱ्यांत. तिमाहीचा भागधारकांचा तक्ता उघडा. मोठ्यांचा हिस्सा उतरतोय आणि छोट्या भागधारकांची संख्या फुगतेय तर माल कुणाकडून कुणाकडं चाललाय ते तिथं लिहिलेलंच आहे. आणि "आम्ही फक्त शिकवतो" म्हणणारा चालू भावावर बोलत असेल तर त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. नुसतं शिकवणाऱ्याला ताजे भाव वापरून शेअरबद्दल बोलता येत नाही, असं सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं; तेव्हा मर्यादा मागच्या तीन महिन्यांची ठेवली होती.

ज्यांच्याकडं हा असला माल अजून पडून आहे त्यांच्यासाठी, आमच्या सीएंनी सांगितलेलं: "येईल परत" म्हणून ठेवू नका, घेणारा दिसेल त्या दिवशी ३१ मार्चच्या आत विकून टाका. विकल्याशिवाय तोटा इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवता येत नाही. रिटर्न मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वळता करता येतो. माझे निम्मे शेअर विकले गेलेत, उरलेल्यांची ऑर्डर रोज टाकतोय.