नोंदणी लग्न, गंधर्व की नुसती सोबत? उतारवयातला पेन्शनीचा हिशेब

भुसावळात रेल्वेची पेन्शन येणारी घरं पुष्कळ. साठीनंतर दोन एकटी माणसं एकत्र यायचं म्हणू लागली, की पत्रिका कुणी काढत नाही, पासबुक काढतात. आणि एकच लग्न दोघांच्या पासबुकात उलटसुलट उमटतं.

पुरुषाचं सोपं आहे. स्वतःच्या नोकरीची पेन्शन दुसऱ्या लग्नाने एक रुपयाही हलत नाही. निवृत्तीनंतर केलेली बायकोही त्याच्यामागे कुटुंब पेन्शनला पात्र ठरते. पहिली हयात असेल तर रीतसर घटस्फोट हवा, आणि पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, नव्या बायकोचं नाव लगेच चढवावं.

बाईचं तसं नाही. तिची स्वतःच्या नोकरीची पेन्शन असेल तर तिला धक्का नाही. पण गेलेल्या नवऱ्याची कुटुंब पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी होईल तोवरच. नवऱ्याचा शेवटचा मूळ पगार 40,000 धरा: 30 टक्क्यांनी 12,000, वर महागाई. लग्न झालं की थांबलं. मूलबाळ नसलेल्या विधवेला मात्र सवलत आहे. तिचं इतर उत्पन्न किमान कुटुंब पेन्शनपेक्षा, म्हणजे 9,000 अधिक महागाईपेक्षा, कमी असेल तर लग्नानंतरही चालू राहते. मुलं असतील तर हक्क पात्र अपत्याकडे जातो. पुण्यात कमावणाऱ्या मुलाकडे नाही. (जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला राज्याचे नियम, रेल्वेवाल्याचं उदाहरण तिथे लावू नका.)

एसटीवाल्याच्या विधवेची ईपीएफची पेन्शनही पुनर्विवाहाने बंद होते. पण तिथे 2014 पासून किमान रक्कमच 1,000. तेवढ्यासाठी एकटं राहायचं? मी तरी म्हणणार नाही.

मग पुष्कळजण म्हणतात, गंधर्व (साध्या घरगुती विधीने लावलेलं दुसरं लग्न) लावू, कागद नको. इथेच फसतात. समाजाच्या रीतीने लागलेला गंधर्वही कायद्याने लग्नच ठरू शकतो, नोंदणी नसली तरी. पुनर्विवाह केला नाही असं लिहून देऊन पैसे उचलले, तर वसुली मागे लागते. आणि गावाला सगळं ठाऊक असतंच, माय!

नुसत्या सोबतीत तिची जुनी पेन्शन टिकते. त्याच्यामागे मात्र त्याच्या पेन्शनीतलं काही हाती येत नाही. घर, ठेवी मृत्युपत्राने देता येतात, पेन्शन नाही. शिवाय वर्षानुवर्षं नवराबायको म्हणून वावरलात, तर न्यायालय लग्न गृहीत धरू शकतं.

मी आधी दोन्ही पीपीओ शेजारी ठेवायला सांगतो. त्याच्यामागे तिला मिळणारी रक्कम आजच्यापेक्षा मोठी असेल, तर नोंदणी लग्न फायद्याचं दिसतं. पण ती रक्कम तो गेल्यावर सुरू होणार. मधली दहा-पंधरा वर्षं तिने भाजीलाही त्याच्याकडे हात पसरायचा का? म्हणून लग्नाच्या तारखेआधी त्याने तिच्या एकटीच्या नावावर ठेव करून, तिचं मासिक व्याज तिच्याच खात्यात येईल असं बघावं. अण्णा कुरकुरले, तर तेही लग्नाआधीच कळलेलं बरं.