पोटाच्या मापांसाठी घेतलेलं सोनोग्राफी मशीन: पावसाळा ते उन्हाळा

मशीन गेल्या पावसाळ्यात घेतलं, आता सोलापूरचं ऊन तापायला लागलंय. ट्रॉलीवरचं, मधल्या किमतीतलं कलर डॉपलर, सोबत 2 ते 5 मेगाहर्ट्झचा कन्व्हेक्स प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा बाकदार तोंडाचा दांडा. माझ्याकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारांच्या वार्षिक तपासण्या येतात, म्हणजे बहुतेक पोटं निरोगीच. मशीनकडून एकच हवं होतं, माप खरं यावं.

ते येतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरकडून फॅन्टममधल्या (मशीन तपासायचा नमुना ठोकळा) ठरावीक अंतरावरच्या तारा समोर मोजून घेतल्या. तुम्हीही हे करून घ्याच. मशीन आवाजाचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरून अंतर काढतं. चरबीत वेग कमी असतो, पण तेवढ्यानं रिपोर्ट बदलत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते सिने, म्हणजे चित्र थांबवून आधीच्या फ्रेम मागे जाऊन बघायची सोय. श्वास घेऊन धरायला सांगायचं (पूर्व भागातल्या विणकरांना तेलुगूत सांगितलं की चटकन जमतं), फ्रीझ दाबायचं आणि मागे जात किडनीची दोन्ही टोकं ठसठशीत दिसणाऱ्या फ्रेमवर कॅलिपर (पडद्यावरच्या मापाच्या खुणा) लावायचा. किडनीचं वरचं टोक आत आणि मागे झुकलेलं असतं. प्रोब तेवढा तिरका धरला नाही तर साडेदहाची किडनी नऊची भरते, आणि धडधाकट माणूस किडनी लहान झाली म्हणून घाबरून फिरत राहतो. मशीननं आपोआप माप घ्यायचं ऑटो मेजरही मी बंद ठेवलंय. ते बाहेरची चरबीही किडनीत धरतं.

खरी तक्रार रिपोर्टच्या तयार साच्याबद्दल आहे. प्लीहा 12 सेंटीमीटरच्या वर गेली की आकडा लाल होतो. उंची भरायची जागा आहे, पण साचा ती बघतच नाही. सहा फुटांच्या एका व्हॉलीबॉलपटूची प्लीहा 12.4 आली. पोत एकसारखा, पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) 11 मिलिमीटर म्हणजे ठीक, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. त्याच्या अंगकाठीला ती प्लीहा शोभणारीच होती. उलट पाच फुटांच्या आतल्या बाईची 11.8 आली तर साचा गप्प बसतो, तिथं मी मात्र पुन्हा प्रोब ठेवते. आता शेरा खोडून उंची स्वतः लिहिते.

लिव्हरचंही तेच. एक सडपातळ बाई जुना रिपोर्ट घेऊन आल्या. “डॉक्टर, लिव्हर मोठं झालंय म्हणे, काय खाऊ नको ते सांगा.” बघितलं तर उजव्या भागाची जिभेसारखी लांब पट्टी किडनीच्या खालपर्यंत उतरलेली, कडा धारदार, डावा भाग छोटा. हा रीडल्स लोब, जन्मजात ठेवण. मिडक्लॅविक्युलर रेषेवर (गळपट्टीच्या हाडाच्या मधून सरळ खाली) लिव्हर 15-16 सेंटीमीटरपर्यंत ठीक म्हणतात, पण अशा पोटात तो आकडा एकटा काही सांगत नाही. मोठं लिव्हर एका फ्रेममध्ये मावतही नाही. प्रोब सरकवत लांब चित्र जोडणारं पॅनोरॅमिक आहे, पण हात एका गतीनं सरकला नाही तर माप फसतं.

पित्ताशयाची भिंत (3 मिलिमीटरपर्यंत ठीक) आणि सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका (6 पर्यंत), हे सहा-आठ तास उपाशी आलेल्या पेशंटमध्ये सहज मोजता येतं. स्वादुपिंड गॅसमागे दडतं, त्याला मशीन काय करणार!

एसी आणि यूपीएसचा खर्च किमतीतच धरा. खोली तापली की पंखा घोंघावतो. सर्व्हिसचा माणूस पुण्याहून येतो, त्याला दिवस लागतात. हलकं, उचलून नेता येणारं मॉडेल म्हणून जास्त पैसे देऊ नका. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे नोंदणीच्या जागेतून ते शिबिराला नेता येणार नाही.

डेमोला कंपनीवाले सडपातळ माणूस झोपवतात. तुम्ही शंभर किलोचा मित्र सोबत न्या, हार्मोनिक (चित्र स्वच्छ करणारी सोय) चालू-बंद करून त्याच्या लिव्हरचा डायाफ्रामकडचा भाग बघा, मगच पैशाचं बोला.