उन्हानं छापलेली कापडी वही : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

फेब्रुवारीच्या शेवटी बांधलेली माझी निळी कापडी वही दिवाळी उलटून गेली तरी रोजच्या वापरात आहे. नवी असताना ती सगळ्यांनाच आवडली होती, पण नव्या वस्तूचं कौतुक कुणीही करतं. मला लिहायचंय ते तिनं पुण्याचा पावसाळा काढल्यानंतरचं. मत आधीच सांगून टाकते: सायनोटाइपनं, म्हणजे उन्हात निळी चित्रं उमटवण्याच्या पद्धतीनं छापलेल्या कापडाची वही चांगली टिकते. मात्र ती किती टिकणार हे कापड धुताना आणि वही बांधताना ठरतं. लोक सगळा जीव डिझाइनमध्ये ओततात आणि या दोन कामांत घाई करतात, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

वहीचा आकार 14 × 20 सेंटिमीटर. कव्हर मांजरपाटाचं, आत हातकागद आणि प्रत्येक जुजाच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) मधोमध एक छापील कापडी पान. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाते, तिथल्या झाडांच्या नोंदी यात करते: कशाला पालवी फुटली, कुठलं गवत कणसावर आलं, गणेर कधी फुलला. कव्हरवरची चित्रंही त्याच टेकडीवरच्या आणि आमच्या गच्चीतल्या पानांची आहेत.

ज्यांना सायनोटाइप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1842 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत शोधली. दोन लोहक्षार लागतात, फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिलं 25 ग्रॅम 100 मिलि पाण्यात, दुसरं 10 ग्रॅम 100 मिलि पाण्यात, दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायचं आणि वापरायच्या दिवशी समप्रमाणात मिसळायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी लोहाचं रूप बदलतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि धाग्यावर प्रशियन निळा रंग तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. जिथे पानाची सावली होती तिथलं द्रावण मात्र पाण्यानं निघून जातं आणि पांढरं चित्र राहतं. इमारतींच्या जुन्या आराखड्यांना ब्लूप्रिंट म्हणतात ते याच निळ्यामुळे. आणि वहीशी या पद्धतीचं नातं पहिल्यापासूनचं आहे. ॲना ॲटकिन्स या इंग्लंडमधल्या वनस्पतिअभ्यासक बाईंनी 1843 पासून समुद्री शैवालांची सायनोटाइप चित्रं पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली, आणि त्यातली अक्षरंसुद्धा हातानं लिहून उन्हातच छापली. मला हे काम करावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे.

फेरिसायनाइडच्या नावात सायनाइड असलं तरी साध्या वापरात ते विषारी नाही, पण तीव्र आम्लात किंवा आम्लासोबत उष्णतेत ते अजिबात जाऊ द्यायचं नाही, कारण मग विषारी वायू सुटतो. हातमोजे घालायचे, पूड मोजताना तोंडावर मास्क, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाहीत.

कापड म्हणाल तर मांजरपाट. खादीही उत्तम, पण खादीच्या जाड-बारीक धाग्यावर बारीक पानांच्या कडा थोड्या तुटक येतात. शेवग्याच्या डहाळीला ते शोभतं, नेच्याला नाही. पॉलिस्टर मिसळलेलं कापड घेऊ नये, द्रावण धाग्यात शिरतच नाही. नव्या मांजरपाटात कांजी असते, ती काढावी लागते. मी गरम पाण्यात किंचित धुण्याचा सोडा घालून कापड उकळलं, आणि मग तो सोडा पूर्ण जाईपर्यंत खळबळून धुतलं. सर्वांत शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. हे सगळं एवढ्यासाठी की प्रशियन निळ्याचा एकच पक्का शत्रू आहे आणि तो म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ. सोडा, साबण, धुण्याची पावडर, यांतलं काहीही कापडात राहिलं की निळा मरतो.

द्रावण लावलेलं कापड अंधारात वाळवायचं. आमच्याकडे न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावला की काम भागतं. साधा पिवळा दिवा चालतो, त्याच्या उजेडानं काही बिघडत नाही. वाळल्यावर कापड पोपटी-पिवळं दिसतं. त्यावर दाबून सुकवलेली पानं मांडायची, वर फोटोफ्रेमची काच, कडांना चिमटे. ओली पानं वापरू नयेत, त्यांचा रस उतरतो आणि डाग येतात. वर्तमानपत्रात दोन-तीन दिवस दाबलेलं पान सर्वांत बरं.

मग ऊन. मार्चमधल्या पुण्याच्या दुपारी बारा-पंधरा मिनिटं पुरतात. हा भाग बघत बसण्यासारखा आहे. पोपटी कापड आधी हिरवट निळं होतं, मग गडद निळं, आणि नंतर तो निळा मागे सरून राखाडी, तपकिरी, जवळजवळ तांब्याच्या भांड्यावरच्या काळपटासारखा रंग चढतो. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आता जळलं. पण हीच खूण असते, हा तपकिरी रंग आल्याशिवाय कापड उचलू नये. पाण्यात टाकलं की पिवळं पाणी सुटतं, पांढरी पानं उघडी पडतात आणि तपकिरीच्या जागी निळा परततो. पूर्ण गडद व्हायला हवेत एक दिवस लागतो. घाई असेल तर धुऊन झाल्यावर औषधाच्या दुकानातलं झाकणभर हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात घालून त्यात कापड बुडवलं की निळा जागच्या जागी गडद होतो.

चिंचेच्या आणि शेवग्याच्या पानांनी माझ्या अपेक्षेपेक्षा सुंदर काम केलं, एकेक दल सुटं दिसतं. पळसाचं जाड पान मात्र नुसता पांढरा डाग देतं. त्याच्या शिरा दिसत नाहीत, कारण त्यातून प्रकाश जात नाही. उलट पातळ पाकळ्यांतून थोडा प्रकाश जातो. जास्वंदीच्या पाकळीनं फिकट निळ्याच्या तीन-चार छटा दिल्या, आणि कव्हरवरची माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे. काचेखाली सपाट न बसणाऱ्या गवताच्या कणसांसाठी मे महिन्याचा मध्य गाठा. पुण्यात तेव्हा शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. कलत्या उन्हात कुसळाची कड पसरट होते, त्या दुपारी मात्र ती केसासारखी उमटते.

आता धुणं. वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धरून कापड वाळत घालणारे पुष्कळ पाहिलेत. कागदाला तेवढं चालेल, कापडाला नाही. मांजरपाटाच्या पिळात द्रावण खोल बसलेलं असतं. ते उरलं तर पुढे दिवसाच्या उजेडात पांढरा भाग हळूहळू निळसर होतो आणि पान विरतं. मी घमेल्यात पाणी बदलत, कापड हलवत, पाण्याला पिवळी झाक येईनाशी होईपर्यंत धुते. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, ते जड असतं. म्हणून पहिल्या पाण्यात वाण्याकडचं लिंबूसत्त्व चिमूटभर घालते. त्यानं मधल्या फिकट छटा वाचतात, नाहीतर जास्वंदीच्या पाकळीचं सगळं सौंदर्य मोरीत गेलं असतं. इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं आणि मंद.

बांधणीसाठी मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या बाइंडरकाकांकडे जाऊन बसले. त्यांनी छापील कापड हातात घेऊन उजेडात धरलं आणि पहिलंच विचारलं, "ताई, याला मागून कागद लावला का?" कापड थेट पुठ्ठ्यावर चिकटवलं तर खळ विणीतून वर येते आणि निळ्यावर पांढुरके ठिपके कायमचे बसतात. म्हणून कापडाला मागून पातळ कागद लावायचा, तो दाबाखाली पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पुठ्ठ्याला खळ लावायची. खळ मैद्याची, दाट, थंड झालेली.

त्यांचा दुसरा सल्ला त्याहून मोलाचा. कापडी पान कागदापेक्षा जाड असतं, त्यामुळे शिवणीपाशी वही बारीक राहते आणि समोरच्या कडेला फुगते, थोड्याच दिवसांत ती मिटेनाशी होते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक जुजाच्या पाठीशी कागदाची बोटभर रुंद पट्टी घालायची, म्हणजे दोन्हीकडची जाडी सारखी होते. जुजबंदी शिलाई, मेण लावलेला सुती दोरा, भोकं आरीनं आधी पाडून घेतलेली. माझी वही आज टेबलावर सपाट मिटते ती या पट्ट्यांमुळे. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून बांधलेली कापडी वही घेऊ नये आणि बांधूही नये, इतकं माझं ठाम मत झालंय.

आतला हातकागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. ही संस्था 1940 पासून आहे आणि सुती चिंध्यांपासून कागद करते. म्हणजे कव्हरही कापूस आणि पानंही कापूस, हे मला मनापासून आवडतं. या कागदावर जेल पेन आणि पेन्सिल छान चालते. फाउंटन पेनची शाई काही पानांवर फुटते, तेव्हा घेण्याआधी कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघावी. कापडी पानांवर बॉलपेन अडखळतं. मऊ पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्या. निळ्या भागावर पांढरं जेल पेन सुरेख उठतं, मी झाडाचं नाव आणि महिना तसाच लिहिते. एका पानावर बाभळीच्या पानाभोवती पांढऱ्या दोऱ्यानं धावदोरा घातलाय. त्या पानाला आपोआप ताठपणा आला, सगळ्याच पानांना करायला हवा होता असं वाटतं.

पावसाळ्यात वही फुगली. जुलैत तिची नाडी शेवटच्या गाठीपर्यंत सैल करावी लागली, ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा बसली. बुरशी आली नाही. मैद्याच्या खळीला कसर आणि झुरळं दोन्ही लागतात, म्हणून कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवले होते, आणि आठवड्यातून एकदा वही पंख्याखाली उघडून ठेवत होते. निळा पावसाच्या थेंबांनी जरासुद्धा हलला नाही. टेकडीवर एकदा चांगलीच भिजली, तरी हातकागदावर निळा उतरला नाही. पाठीच्या कण्यावर आणि हाताच्या अंगठ्याखाली येते त्या जागी रंग फिका झालाय. तिथे घर्षण आहेच, शिवाय साबणानं धुतलेले हात लागतात. कण्यावर वेगळ्या रंगाच्या कापडाची पट्टी लावली तर हा प्रश्नच राहणार नाही.

कव्हरच्या उरलेल्या चिंध्यांवर मी मुद्दाम प्रयोग करून ठेवले होते. एक चिंधी दक्षिणेच्या खिडकीत टांगली, एक कपाटात ठेवली, एक धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवली. पावडरीतली त्याच दिवशी पिवळट, गंजासारखी झाली आणि तशीच राहिली. तो लोहाचाच गंज असतो, त्याला परतीची वाट नाही. खिडकीतली उन्हानं फिकी निळी झाली, पण नंतर काही आठवडे कपाटात अंधारात ठेवली तर बराचसा रंग परत आला. प्रशियन निळ्याचा हा गुण आहे: तीव्र उजेडात तो फिका पडतो आणि अंधारात हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा गडद होतो. म्हणून वही कायम खिडकीपाशी उघडी ठेवू नये. पूर्वी पोथ्या बासनात गुंडाळून ठेवायचे, मीही या वहीला जुन्या लुगड्याचं बासन शिवलंय.

निळा नकोच असेल तर छापलेलं कापड कोऱ्या चहात बुडवून ठेवता येतं. टॅनिन आणि लोह मिळून रंग काळपट होतो. हिरड्याच्या आणि लोहाच्या काळ्याशी आपली जुनी ओळख आहेच. मात्र पांढरी पानंही चहाच्या रंगाची होतात. एका कापडी पानावर करून पाहिलं, जुन्या कागदपत्रासारखं गंभीर दिसतं, पण मला टेकडीच्या वहीत निळाच हवा.

लहान मुलांसोबत करायचं असेल तर ही रसायनं नकोत. कापडाच्या पातळ केलेल्या रंगानं ओलं मांजरपाट रंगवा, त्यावर पानं ठेवा आणि उन्हात वाळू द्या. उघडा भाग आधी वाळतो आणि पानाखालचा ओला रंग आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे पानाची फिकी आकृती राहते. यात उन्हाची ऊब काम करते, किरणांची रसायनक्रिया नाही. कडा सायनोटाइपइतक्या नेमक्या येत नाहीत, पण ते कापड साबणानं धुता येतं. शाळेच्या दप्तरात जाणारी वही असेल तर मी हीच पद्धत सुचवेन.

रोज चार ओळी लिहायची सवय असलेल्यानं आणि वस्तू जपून वापरणाऱ्यानं सायनोटाइपची वही जरूर करावी. खर्चाचा मोठा भाग हातकागदाचा आहे, रसायनं एवढी उरतात की मैत्रिणींच्या वह्याही होतील. फक्त सायट्रेटच्या बाटलीत काही महिन्यांनी बुरशी धरते, ती गाळून घ्यावी किंवा द्रावण लागेल तेवढंच करावं. माझी पुढची वही फेब्रुवारीत, कण्यावर खादीची लाल पट्टी लावून. कापडी पानं या खेपेपेक्षा निम्मी, आणि सगळ्या कापडी पानांच्या कडेला धावदोरा.