कीबोर्डला हेडफोन लावल्यावर आवाज कमी पडतो: दुसरा हेडफोन घ्यावा की ॲम्प्लिफायर?

डिजिटल कीबोर्डला हेडफोन जोडल्यावर आवाज पुरेसा येत नसेल, तर बाजारात त्यावर दोन उपाय मिळतात. एक म्हणजे त्याच जॅकवर अधिक मोठा वाजणारा हेडफोन, आणि दुसरा म्हणजे कीबोर्ड व हेडफोन यांच्यामध्ये बसवायचा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर. आवाज दोन्हींनी वाढतो, पण कानावर होणारा परिणाम सारखा नसतो. घरी रियाज करणाऱ्या बहुतेकांनी पहिलाच उपाय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च करण्यापूर्वी पिन नीट पाहून घ्यावी. पुष्कळ कीबोर्डांना ६.३ मिलिमीटरचा मोठा जॅक असतो आणि आपल्या हेडफोनला ३.५ मिलिमीटरची बारीक पिन, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो. स्टिरिओ कन्व्हर्टरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, तर मोनोच्या पिनेवर एकच. मोनो कन्व्हर्टर लावला की सहसा एकाच कानात आवाज येतो आणि आपण उगाच व्हॉल्यूम वाढवत राहतो. मोबाइलबरोबरच्या, माइक असलेल्या हेडफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात, आणि काही जॅकमध्ये ती नीट न बसल्याने आवाज पोकळ व लांबून आल्यासारखा येतो. स्टाइल, म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ, लावून वाजवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: साथीचा ठेका मोठा असल्यामुळे उजव्या हाताची सुरावट त्यात बुडत असेल, तर मुख्य व्हॉल्यूम वाढवण्याऐवजी स्टाइलचा व्हॉल्यूम उतरवावा. सुरावट स्पष्ट होते आणि कानावरचा एकूण भार उलट कमी होतो.

एवढे करूनही आवाज कमीच राहिला, तर हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे कामाला येतात: ओहममध्ये दिलेला रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, आणि डेसिबलमध्ये दिलेली संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर हेडफोन किती मोठा वाजतो ते. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आला आहे, आणि एका मिलिवॅटला साधारण ९६ डेसिबल ही कंपनीने दिलेली संवेदनशीलता तिन्हींना सारखीच आहे. मात्र एक मिलिवॅट शक्ती मिळण्यासाठी ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतात, तर २५० ओहमच्या हेडफोनला ०.५ व्होल्ट लागतात. म्हणजे कीबोर्डच्या व्हॉल्यूमची कळ न हलवता केवळ हेडफोन बदलल्याने जवळजवळ ९ डेसिबलचा फरक पडू शकतो, आणि कानाला तो आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. कीबोर्डच्या जॅकला स्वतःचा रोध असतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी भरतो. तरीही ३२ ते ८० ओहमचा आणि ९६ डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचा हेडफोन घेतला, तर ॲम्प्लिफायरची गरज सहसा उरत नाही.

रोधाइतकेच महत्त्व हेडफोनच्या बांधणीला आहे. कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन पंख्याचा, टीव्हीचा आणि रस्त्यावरचा आवाज बऱ्याच अंशी अडवतो, म्हणून कमी व्हॉल्यूमवरही सूर स्पष्ट ऐकू येतात. उघड्या पाठीचा हेडफोन अधिक मोकळा वाजतो आणि पियानोच्या स्वराला तो शोभतोही. मात्र तो बाहेरचे काहीच अडवत नाही आणि आतला आवाज खोलीत सांडतो. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये असा हेडफोन वापरणारा माणूस गोंगाटावर मात करण्यासाठी नकळत व्हॉल्यूम चढवतो. शांत खोली असेल तरच तो घ्यावा. कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज सर्वांत चांगला अडवतात आणि थोड्या विजेवर मोठे वाजतात. म्हणूनच ते लावताना व्हॉल्यूम आधी शून्यावर आणणे फार आवश्यक आहे. ब्लूटूथचा विचार सोडून द्यावा. पट्टी दाबल्यानंतर स्वर उशिरा येतो, आणि ज्या कीबोर्डांवर ब्लूटूथ ऑडिओ लिहिलेले असते तेही बहुतेक वेळा मोबाइलचा आवाज आत घेण्यापुरतेच असते.

ॲम्प्लिफायर योग्य ठरतो तो दोन प्रसंगी. २५० किंवा ३०० ओहमचा चांगला हेडफोन आधीच घरात असेल, तर तो टाकून देण्यापेक्षा ॲम्प्लिफायर घेणे शहाणपणाचे आहे. क्लासमध्ये एका कीबोर्डवर शिक्षक आणि विद्यार्थी दोघांना ऐकायचे असेल, तर साध्या दुहेरी जोडणीपेक्षा प्रत्येकासाठी वेगळी कळ असलेला ॲम्प्लिफायर केव्हाही चांगला, कारण शिक्षकांना हवा तेवढा आवाज मुलाच्या कानात जाता कामा नये. मात्र कीबोर्डच्या जॅकमध्ये मुळात असलेली मर्यादा ॲम्प्लिफायर काढून टाकतो. संवेदनशील हेडफोन त्याला जोडला, तर बोटाच्या एका चुकीने घातक पातळी गाठली जाऊ शकते.

ही पातळी कोणती, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकात मिळते: प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलच्या वाढीमागे वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ८६ डेसिबलवर आठवड्याला १० तास मिळतात, म्हणजे रोज दीड तास रियाज करणाऱ्याचा सगळा वाटा तेथेच संपतो आणि मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डचा शेवटचा सा, म्हणजे पांढरी एकच्या सुरातला सर्वांत वरचा स्वर, ४१८६ हर्ट्झचा असतो. त्या भागातील स्वरांची चमक कमी झाली की वादक कीबोर्डलाच मंद समजून आवाज वाढवतो आणि इजा वाढत जाते. कानातील आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आपण कोणत्या पातळीवर ऐकतो याचा घरच्या घरी अंदाज घेता येतो. कीबोर्डच्या स्पीकरवर नेहमीची रचना वाजवताना कानाजवळ धरलेल्या मोबाइलच्या ध्वनिमापक ॲपवर ७० ते ७५ डेसिबल दिसतील असा व्हॉल्यूम ठेवावा, मग हेडफोन लावून आवाज त्याच्याइतकाच वाटेपर्यंत कळ फिरवावी आणि त्या जागी चिकटपट्टीची खूण करावी. मुलांसाठी मिळणाऱ्या, ८५ डेसिबलची मर्यादा लिहिलेल्या हेडफोनवरही ही खूण करावीच. त्यातील मर्यादा बहुधा एका साध्या रोधाने घातलेली असते, आणि ॲम्प्लिफायरसारखा जोरदार स्रोत ती सहज ओलांडतो. रियाजानंतर कानात गुणगुण राहत असेल किंवा घरच्यांचे बोलणे दबल्यासारखे वाटत असेल, तर खूण खाली आणावी, आणि गुणगुण दुसऱ्या दिवशीही टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.