क्लोरीनची गोळी: गोव्यातल्या व्हाळाच्या पाण्याला कितपत पुरते?

मोले, नेत्रावळी, चोर्ला या भागांत पायी फिरताना व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी उकळणं सोपं नसतं. अभयारण्यात विस्तव पेटवायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे औषधाच्या दुकानातली क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी जवळ हवीच. तिच्यात सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट असतं. पट्टीवर ते बहुधा एनएडीसीसी असं आखूड छापलेलं असतं.

गोळी चांगली आहे, आम्ही ती बिनदिक्कत सुचवतो. फक्त विकत घेताना मिलिग्रॅम वाचा. ८.५ मिलिग्रॅमची गोळी एक लिटरला, ३३ची दहा लिटरला आणि ६७ची वीस लिटरला. ६७ची गोळी घरच्या पिंपासाठी असते. ती लिटरच्या बाटलीत टाकली, तर लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन उतरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ५. तोंडात घोट धरवत नाही. मोडून तुकडे करू म्हणाल, तर गोळी समान फुटत नाही. फिरायला ८.५चीच घ्यावी.

पद्धत अशी: प्लॅस्टिकची बाटली भरा, गोळी टाका, फेस येऊन ती विरघळली की हलवा. मग झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा आणि आटे व तोंड याच पाण्याने भिजू द्या. व्हाळात बुडवलेल्या बाटलीच्या आट्यांत कच्चं पाणी राहतं, पहिल्या घोटाबरोबर तेच पोटात जातं. नंतर ३० मिनिटं थांबा. शेवटी क्लोरीनचा मंद वास यायला हवा. येत नसेल तर क्लोरीन घाणीतच खर्च झालं. दुसरी गोळी टाका आणि पुन्हा ३० मिनिटं मोजा. धातूची बाटली मात्र नको, क्लोरीन धातूला खातं.

आपल्याकडे गोळी फसते ती पावसात. जून ते सप्टेंबर व्हाळ जांभ्याची लाल माती घेऊन येतात. अशा पाण्यात मातीचे कण आणि कुजका पाला क्लोरीन आधीच संपवतात, कणांच्या आडचे जंतू वाचतात. पाणी भांड्यात निवळू द्या, वरचं नितळ पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा आणि मात्रा दुप्पट करा. नितळ दिसणारं पाणी गोळीनंतर तांबूस झालं, तर त्यात विरघळलेलं लोह आहे असं समजा. तेही क्लोरीन खातं, म्हणून वास तपासल्याशिवाय पिऊ नका.

लिंबू किंवा कोकमाचं आगळ अर्धा तास होईपर्यंत बाटलीत घालू नये. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. अर्ध्या तासानंतर मात्र खुशाल घाला, वासही जातो.

जिवाणू आणि विषाणूंवर गोळीचा भरवसा धरता येतो, जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीवर थोडा कमी. क्रिप्टोस्पोरिडियम हा तसाच दुसरा परजीवी, गुरांच्या शेणातूनही पाण्यात येतो; त्याचं कवच मात्र ती भेदत नाही. जिथे गुरं पाण्यात उतरतात, त्या जागेच्या खालचं पाणी म्हणूनच घेऊ नये. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी मिळाली तर ती या जंतूवर चालते, पण चार तास ठेवावी लागते. भर दुपारी तहानलेल्या माणसाला चार तास म्हणजे फार. ती रात्रीच्या मुक्कामाला ठीक. वस्तीवर, जिथे गॅस आहे, तिथे खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलेलं पाणी या दोन्ही गोळ्यांपेक्षा चांगलं.

डिचोली, सांगे, धारबांदोडा भागात खाणीच्या ढिगाऱ्यांखालून येणाऱ्या पाण्याला कुठलीच गोळी लावू नका. विरघळलेले धातू, डिझेल, बागायतीतली कीटकनाशकं यातलं काहीच क्लोरीनने जात नाही. तिथे पाणी घरूनच न्यावं.

पट्टी दमट हवेत लवकर बिघडते. कप्पा फाटलेला, गोळी पिवळट किंवा भुसभुशीत असेल तर टाकून द्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत, पट्टीतून काढली की लगेच पाण्यात. पट्टी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ही गोळी गिळायची नाही.