टर्बो गेला म्हणून सांगतायत? पैसे देण्याआधी ब्रीदर उघडून बघा

देवगड, मालवण, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यात ज्यांच्याकडे टर्बो डिझेल पिकअप आहे आणि जे सीझनला आंब्याच्या पेट्या भरून वाशीला जातात त्यांनी हे जरा नीट वाचा. एप्रिलमध्ये गाडीने धूर मारायला सुरुवात केली की आपल्याला किती घाई असते हे गॅरेजवाल्याला पक्कं माहीत असतं. माल झाडावरून उतरलेला, पेट्या पडवीत रचलेल्या, आणि अशा वेळी समोरचा सांगतो टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) गेला, मग माणूस हो म्हणतो आणि पैसे काढतो.

माझी गाडी करूळ घाट चढताना मागून निळा धूर सोडायला लागली. पुलिंग ठीक होतं पण ऑइल कमी होत होतं आणि इंजिनच्या मागच्या सीलकडून पण पाझरत होतं. माल खाली करून परत आल्यावर हायवेवरच्या एका गॅरेजात दाखवली. त्याने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाईप काढला, आत बोट फिरवलं आणि ऑइलने माखलेलं बोट माझ्यासमोर धरून म्हणाला, "टर्बो गेलो ह्यो, बदलूक व्हयो, नायतर घाटात खंयतरी बंद पडात." नवीन टर्बो, कंपनीचा, ३४ हजार, रोख. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जुना पार्ट मागितला तर म्हणाला एक्स्चेंजमध्ये गेला.

आता ते बोटाचं आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक त्या बोटावरच उभी आहे. टर्बो डिझेलच्या इंटरकूलर पाईपमध्ये ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, चांगल्या गाडीत पण असतो. इंजिनमध्ये डिझेल जळतं तेव्हा त्यातला थोडा गॅस पिस्टन रिंगच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) उतरतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात, आणि हा गॅस ऑइलची वाफ घेऊन बाहेर पडायला बघतो. साध्या पेट्रोल इंजिनमध्ये इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनला हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम त्याला पीसीव्ही व्हॉल्व्हमधून ओढून घेतो. टर्बोमध्ये ते चालत नाही कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, आली की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच्या जागी प्रेशर असतं, आणि डिझेलला तर तसा व्हॅक्यूम मुळातच फारसा नसतो. म्हणून ब्रीदरचा, म्हणजे हा गॅस बाहेर नेणारा, पाईप टर्बोच्या आधी, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधे जोडलेला असतो, तिथे टर्बो हवा खेचत असतो त्यामुळे हलकी ओढ मिळते. वाटेत एक ऑइल सेपरेटर आणि बहुतेक गाड्यांत रबरी डायफ्रामचा प्रेशर व्हॉल्व्ह. सेपरेटरमधून सुटलेलं थोडं ऑइल टर्बोतून पुढे इंटरकूलरमध्ये जातंच. पेट्रोल टर्बो कारवाल्यांकडे दोन वाटा असतात, आयडलला मॅनिफोल्डकडे आणि बूस्टमध्ये टर्बोच्या आधी, मधे चेक व्हॉल्व्ह. तो चेक व्हॉल्व्ह खराब झाला तर बूस्टची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरते, त्यांनी ते पण बघून घ्यावं.

ही ब्रीदरची वाट बंद झाली तर? कुकरची शिट्टी अडकल्यावर जे होतं तेच, आत प्रेशर वाढतं आणि जिथे फट मिळेल तिथून ऑइल बाहेर. आणि टर्बोचं खास म्हणजे त्याच्या शाफ्टला रबराचं सील नसतं, पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक रिंग असते, शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो तिथे रबर टिकणारच नाही. टर्बोत गेलेलं ऑइल जाड ड्रेन पाईपने आपल्या वजनाने खाली क्रँककेसमध्ये उतरतं, ओढायला पंप नाही. क्रँककेसमध्ये प्रेशर असेल तर ते उतरत नाही, टर्बोतच तुंबतं आणि रिंगच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये नाहीतर इनटेकमध्ये जातं. म्हणजे टर्बो धडधाकट असतो आणि धूर मात्र गेलेल्या टर्बोसारखाच.

माझ्या गाडीचा धूर थोडे दिवस थांबला, कारण त्याने पाईप आणि इंटरकूलर धुऊन साठलेलं ऑइल काढलं होतं, मग भरलेली गाडी घाटाला लागली आणि परत तेच. कणकवलीला माझे एक मामा आहेत, आयुष्य डिझेल इंजिनात गेलं, त्यांच्याकडे नेली. त्यांनी इंजिन गरम करून आयडलला ठेवलं आणि ऑइल भरायचं झाकण सैल केलं तर झाकण उडायला बघत होतं, भसाभस वाफ. मग ब्रीदरचा पाईप टर्बोच्या बाजूने सोडवला, तिकडे जवळजवळ काहीच येत नव्हतं. दोन्हीकडून जोरात आलं असतं तर रिंगा गेल्या असं धरून कॉम्प्रेशन तपासलं असतं, पण झाकणाकडे जोर आणि पाईपकडे शांत म्हणजे मधे कुठेतरी अडकलंय. मामा म्हणाले, "टर्बोक काय्येक झाला नाय, हवा जावची वाट बंद हा." सेपरेटर उघडला तर पांढरट चिकट गाळ ठासून भरलेला. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी गावातल्या गावात फिरते, इंजिन पुरतं तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलमध्ये मिसळून असा गाळ होतो.

टर्बोचा शाफ्ट पण त्यांनी हलवून दाखवला. आडवा किंचित हलतो ते चालतं, पुढेमागे जाणवण्याइतका हलला किंवा पंखा हाऊसिंगला घासत असला तर टर्बो खरंच गेला. माझा व्यवस्थित होता. आणि त्याच्या प्लेटवरचा सिरीयल नंबर बघितला तर डोकंच फिरलं, कारण मागे एक होजपाईप मागवताना कोल्हापूरच्या दुकानदाराला पाठवायला मी त्या प्लेटचा फोटो काढला होता आणि नंबर तोच! माझाच टर्बो धुऊन पुसून मला ३४ हजाराला लावला होता.

अजून एक धोका सांगून ठेवतो. काही जण म्हणतील ब्रीदरचा पाईप काढून खाली मोकळा सोडू, जुन्या जीपला असायचा तसा. करू नका. खालून धूळ-पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि आताच्या बीएस-६ गाडीत तो गॅस बाहेर सोडायची परवानगीच नाही. तुंबलेल्या ब्रीदरवर तशीच गाडी ताणणं तर जास्त वाईट, डिझेल इंजिनमध्ये ऑइल भरपूर ओढलं गेलं तर ते स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

सेपरेटर साफ करून आणि व्हॉल्व्ह नवीन टाकून जो खर्च आला तो त्या ३४ हजारांच्या जवळपासही नाही. धूर गेला, मागच्या सीलचं पाझरणंही थांबलं. गॅरेजवाल्याला प्लेटचे आधीचा आणि आताचा असे दोन्ही फोटो दाखवले तर आता म्हणतो मी रिपेअर करून दिलं असं बोललो होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. धंद्याची गाडी म्हणून तक्रार चालत नाही असं तुम्हाला कोणी सांगेल, पण पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा कायद्याने ग्राहकच धरला जातो. ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहे, फक्त माझी पावती कच्ची आहे. त्यामुळे आपल्या भागात अजून कोणाचा टर्बो असाच बदलला असेल आणि जुन्या प्लेटचा फोटो किंवा पक्कं बिल असेल तर मला कळवा, एकत्र जाऊया.